लायटरच्या फ्यूजवर

“थांब. डिकी मी उघडतो,” हिंदुरावतात्या म्हणाले आणि मला हातानंच बाजूला सारून गाडीच्या मागं गेले.

मला नवल वाटलं. माझ्या दुकानात गाडी कामाला आणली की तात्या किल्ली माझ्या अंगावर फेकायचे, पलीकडच्या हॉटेलात चहा सांगायचे आणि पेपर उघडून बसायचे. बोनेट उघड, सीट काढ, काय करायचं ते कर. इतक्या वर्षांत त्यांनी कधी मध्ये हात घातला नव्हता. आणि आज डिकीला स्वतः धावले.

काम तसं किरकोळ होतं. शैलजावहिनींच्या नव्या गाडीला काचेवरचा कॅमेरा बसवायचा होता. तासगाव रस्त्याला त्यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, आणि तात्या त्यांचे ड्रायव्हर. वहिनींचे मालक होते तेव्हापासूनचे. ते गेले, गाड्या बदलल्या, ड्रायव्हर तोच राहिला. तेव्हा हे कॅमेरे आमच्याकडं नवे होते. एक डोळा पुढच्या काचेला, एक मागच्या. मागच्या डोळ्याची वायर डिकीतून न्यावी लागते, म्हणून मी डिकीकडं वळलो होतो.

तात्यांनी डिकी अर्धी उघडली, आत वाकले, एक पोतं ओढून कशावर तरी टाकलं. पण मी त्यांच्या खांद्यामागंच उभा होतो. पोत्याखाली गेलं ते मला दिसलं. एक प्लॅस्टिकचा कॅन, आणि शेजारी वेटोळं करून ठेवलेला पारदर्शक पाइप. नाकाला डिझेलचा वास आला. चटईवर काळा डाग होता.

“सांडलं जरा,” तात्या म्हणाले. “वैनीसाहेबांना बोलू नकोस हं.”

“मी कशाला बोलतोय?” मी म्हणालो, आणि वायर ओढायला लागलो.

आता तुम्हाला सांगतो, आमच्या रस्त्यावर कॅन आणि पाइप ज्याच्या डिकीत, त्याला कुणी काही विचारत नाही. विचारायचं काय त्यात? शेंबड्या पोरालाही कळतं. गाडी सावलीला उभी करायची, टाकीत पाइप सोडायचा, तोंडानं ओढायचं, कॅन भरला की विकून मोकळं. मालकाला वाटतं गाडी ॲव्हरेज देत नाही. तो आमच्याकडं येतो, आणि आम्ही एअर फिल्टर बदलून देतो.

धंद्यातली रीतच ती. ड्रायव्हर गाडी तुझ्या दारात आणतो, तू ड्रायव्हरचं झाकतोस. मालक काय, वर्षातून दोनदा येणार. ड्रायव्हर रोज दिसणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे मला कुणी शिकवलं नाही, दुकानात बसून आपोआप आलं.

आणि हे तर तात्या होते. माझं दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी होती तेव्हापासून मला गिऱ्हाईक आणून देणारे. माझी बायको शहनाज पहिल्या वेळेला अडली, तेव्हा पाऊस आणि रिक्षा नाही, तर तात्यांनी वहिनींना फोन लावून, विचारून, मालकाची गाडी माझ्या दारात उभी केली होती. असा माणूस. त्यांचा एखादा कॅन मी झाकणार नाही तर कोण झाकणार?

वाईट एवढंच वाटलं की तात्यासुद्धा. चला, म्हटलं, हात कुणाचे धुतलेले आहेत.

मागची वायर पुढं आणली. तात्या चहा प्यायला गेले. मी स्टिअरिंगखाली डोकं घातलं, पाय दाराबाहेर, आणि फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं. तेवढ्यात फोन वाजला. शैलजावहिनी.

“मेहबूब, झालं का रे?”

“लाइट द्यायची राहिलीय, वहिनीसाहेब.”

“ऐक. तो कॅमेरा गाडी बंद असली तरी चालू राहायला हवा. होतं ना तसं?”

“होतं की. परमनंटवर जोडायचा.”

“मग तसंच जोड. उभ्या गाडीला कोण घासून जातं, काही कळत नाही.” मग त्या जरा थांबल्या. “आणि हिंदुरावला काही बोलू नकोस त्याबद्दल.”

मी फोन छातीवर ठेवून तसाच पडून राहिलो.

फ्यूजच्या डब्यात दोन जातीचे फ्यूज असतात. एका जातीला चावीची फिकीर नसते. गाडी बंद करा, चावी खिशात घाला, तरी त्यांच्यात करंट असतोच. छतातला दिवा त्यावर असतो, म्हणून दार उघडलं की तो लागतो. त्याला आम्ही परमनंट म्हणतो. दुसऱ्या जातीत चावी फिरवली तरच करंट येतो, चावी काढली की मेला. सिगारेट लायटरचा फ्यूज त्यातला. कॅमेरा छताच्या दिव्यावर जोडला तर गाडी उभी असतानाही तो बघत राहणार. लायटरवर जोडला तर गाडीबरोबर झोपणार. दोन्ही फ्यूज शेजारी शेजारी, मध्ये एका बोटाचं अंतर.

चावी बंद ठेवून मी टेस्ट लॅम्प लावून पाहिला. छताच्या फ्यूजला दिवा लागला. लायटरच्या फ्यूजला लागला नाही.

वहिनींना संशय आलाय, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. नाहीतर ‘हिंदुरावला बोलू नकोस’ कशाला म्हणतील? मागचा डोळा डिकीच्या वरच बसवलेला. टाकीचं झाकण उघडायला तात्या गाडीला वळसा घालणार, आणि कॅमेरा सगळं टिपणार. म्हातारपणी नोकरी जाणार. नोकरी गेली तर एक वेळ चालेल, पण गावभर नाव खराब होणार. आणि त्या खड्ड्याचं पहिलं खोरं मी मारलेलं असणार.

तात्या हॉटेलातून माझा चहा घेऊन येत होते. पेला वरून बशीनं झाकलेला, निवू नये म्हणून.

मी वायर लायटरच्या फ्यूजवर जोडली. झाकण लावलं, बाहेर आलो, चहा घेतला. आणि वहिनींना फोन करून सांगितलं, “झालं, वहिनीसाहेब. परमनंट केलंय.”

त्या रात्री मला चांगली झोप लागली. पुण्य केल्यासारखी.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. लग्नसराई होती. भर दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

“मेहबूब, तुझी हत्यारं घे आणि बंगल्यावर ये. लगेच.”

गेलो. पोर्चमध्ये गाडी, गाडीशेजारी तात्या. टोपी हातात धरलेली. त्यांना टोपीशिवाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वहिनी पायरीवर उभ्या होत्या. मला बघताच तात्यांचा चेहरा एकदम सुटला.

“आला बघा मेहबूब,” ते म्हणाले. “आता त्यालाच इचारा, वैनीसाहेब. मीच म्हणालो रे, तुला बोलवा म्हणून.” हे शेवटचं मला उद्देशून होतं.

वहिनींनी सांगितलं ते असं. आदल्या दिवशी मिरजेला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. त्यांच्या सासूची मोहनमाळ त्यांनी डबीत घालून पिशवीत ठेवली होती, पिशवी गाडीत. कार्यालयातल्या खोलीला कडी नव्हती म्हणून. संध्याकाळी घरी येऊन बघतात तर पिशवीत डबी नाही. गाडीची चावी दिवसभर तात्यांच्या खिशात. तात्या म्हणत होते, मी गाडीपासून हललो तो फक्त जेवायला, तेही शेवटच्या पंगतीला, ड्रायव्हर लोकांच्या.

“मी म्हटलं, भांडायचं कशाला? कॅमेरा आहे,” वहिनी म्हणाल्या. “पुतण्याला कार्ड लावून बघायला सांगितलं. तर कार्यालयात गाडी उभी राहिली तिथं चित्र बंद. परत निघालो तिथं चालू. मधला सगळा दिवस नाही. नेमका तेवढाच.”

“मी हात न्हाई लावला त्याला,” तात्या म्हणाले.

“मग बंद कसा झाला? चोवीस तास चालणारा कॅमेरा आहे. मेहबूबनंच जोडलाय तसा.”

“म्हणून तर त्याला बोलवा म्हणालो. बघ रे बाबा, कुणी काय छेडलंय का.”

मी स्टिअरिंगखाली वाकलो. बघायचं काय होतं? झाकण काढलं. माझी वायर माझ्या हातानं बसवली तशीच होती, लायटरच्या फ्यूजवर. मी आणखी थोडा वेळ तिथंच वाकून राहिलो, कारण बाहेर आलं की बोलावं लागणार होतं.

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे, ते कुठंही चालतं. “लूज कॉन्टॅक्ट असेल, वहिनीसाहेब,” मी बाहेर येत म्हणालो.

“असेल म्हणजे? आहे की नाही?”

“म्हणजे, होता. बसवला आता.”

“आपोआप सैल झाला? नवीन गाडीत?” वहिनी तात्यांकडं वळल्या. “की कुणी सैल केला? हिंदुराव, मी तुम्हाला शेवटचं विचारते, मग पोलीस चौकीत फोन करते. तुम्ही आमच्या घरातले म्हणून एवढी थांबले.”

तात्या माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांचा साक्षीदार होतो, आणि तोंड उघडून मी त्यांच्याच गळ्यात फास अडकवला होता.

“वहिनीसाहेब,” मी म्हणालो, “फोन करू नका. लूज कॉन्टॅक्ट नव्हता. मी कॅमेरा परमनंटवर जोडलाच नव्हता. गाडी बंद झाली की तो बंद होतो. पहिल्या दिवसापासून. कार्डावर बघा, उभ्या गाडीचं एकसुद्धा चित्र मिळायचं नाही.”

पुतण्या आतून कार्ड लावलेला लॅपटॉप घेऊन आला. पुढं-मागं करून बघितलं. खरंच नव्हतं.

“पण तू मला फोनवर सांगितलंस,” वहिनी सावकाश म्हणाल्या. “परमनंट केलंय म्हणून.”

“चुकून झालं.”

“मेहबूब, तुझ्याकडं पार विट्याहून गाड्या येतात. तू चुकून असलं करशील? मी ‘असंच कर’ म्हणून सांगितलेलं, आणि तू नेमकं उलटं केलंस, वर खोटं बोललास. कशासाठी? तुमच्या दोघांत काही ठरलं होतं का?”

झालं. तात्यांना सोडवायला गेलो आणि दोघं मिळून अडकलो. म्हणतात ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आता एकच गोष्ट उरली होती सांगायला, आणि ती तात्यांसमोर सांगायची होती.

“तात्या, तुम्ही जरा बाजूला जाता का?” मी म्हणालो.

“कशाला? माझ्या तोंडावरच बोल की. चोरी माझ्यावर आलीय.”

मी जमिनीकडं बघत बोललो. “त्या दिवशी डिकीत कॅन दिसला. आणि पाइप. डिझेलचा वास येत होता. तात्या म्हणाले, वहिनीसाहेबांना बोलू नकोस. मग तुमचा फोन आला, हिंदुरावला काही सांगू नकोस म्हणून. मला वाटलं... तुम्हाला संशय आलाय. तात्या कॅमेऱ्यात सापडतील. म्हणून लायटरवर जोडला. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. मीच आपलं सांभाळून घेतलं.”

वहिनी तात्यांकडं बघायला लागल्या.

“कशात सापडतील?” तात्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. “काय सापडनार होतं?”

“डिझेल, तात्या.”

कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते गाडीच्या मागं गेले, डिकी पूर्ण उघडली, पोतं उचलून खाली टाकलं. पाइपाचं वेटोळं काढून वहिनींच्या पायाशी ठेवलं. त्यात अजून पाणी होतं, दोन्ही टोकांना चिंध्यांचे बोळे.

“पानसळीचा पाइप हाय,” ते म्हणाले. “गवंडी लावत्यात, भितीची लेव्हल बगायला. दोन खोल्या बांधतोय मी, वैनीसाहेब, शेताकडंला. सुट्टीच्या दिवशी, हातानंच. मेव्हणा गवंडी हाय. आन् हा कॅन. जळकं ऑइल, त्यात डिझेल घालून पातळ करायचं, स्लॅबच्या सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला, सिमेंट चिकटू नये म्हणून. डिझेल पंपावरनं घेतलेलं. नव्या गाडीत तेल सांडलं म्हणून लाजलो. म्हणून म्हणालो, बोलू नकोस.”

वहिनी पायरीवर बसल्याच.

“अरे, आणि मी का म्हणाले ‘हिंदुरावला सांगू नकोस’?” त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. “कारण यांचं एकच तुणतुणं. बॅटरी उतरेल, बॅटरी उतरेल. छतातला दिवा जरा वेळ राहिला तरी मला ओरडतात. कळलं असतं तर रोज रात्री येऊन कॅमेरा काढून ठेवला असता.”

“ठेवला असता,” तात्या म्हणाले. “उतरतीच बॅटरी.”

वहिनींना हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी. त्यांनी चौकीत फोन केला नाही. मोहनमाळेचं काय ते नंतर बघू, म्हणाल्या. तात्यांनी पाइप परत गुंडाळला, कॅनचं झाकण घट्ट केलं, सगळं डिकीत ठेवलं, डिकी लावली.

मी माझी हत्यारं उचलली. फाटकापर्यंत तात्या माझ्याबरोबर आले. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तात्या, चुकलं माझं.”

“बाईनं मला तोंडावर इचारलं,” ते म्हणाले. “माळ कुठाय म्हणून. वाईट वाटलं, पन इचारलं तरी. मी न्हाई म्हणालो. तू इचारलंच न्हाईस, मेहबूब.”

“मी तुमच्या भल्यासाठी...”

“व्हय. कळलं ते.” त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “माझ्या हातचा चा पिऊन त्या दिवशी तू मला चोर म्हणून घरी धाडलास. मला म्हाईतबी न्हाई.”

मोहनमाळ दोन-तीन दिवसांनी सापडली. भाचीच्या सासरी, शालूच्या घडीत. वहिनींच्या भावजयीनं सकाळीच डबी पिशवीतून काढून नवरीच्या बॅगेत टाकली होती, जपून राहावी म्हणून, आणि सांगायची विसरली होती. पिशवी कार्यालयातून गाडीत ठेवली तेव्हा डबी तिच्यात नव्हतीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वहिनींनी कोल्ड स्टोरेजमधल्या सगळ्या बायाबापड्या बोलावल्या आणि त्यांच्यादेखत तात्यांची हात जोडून माफी मागितली. तात्या म्हणाले, असू दे वैनीसाहेब, माणूस हाय, व्हतं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन सांगलीला गेले.

दोन खोल्या झाल्या. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला तात्या स्वतः घरी आले, मला आणि शहनाजला दोघांनाही सांगून गेले. आम्ही गेलो. त्यांनी स्वतः मला वाढलं, आग्रह करून एक पोळी जास्त घातली. भिंती मी हात लावून पाहिल्या. ओळंब्यात, सरळ. शहनाज म्हणाली, किती मायेनं करतात तुमचं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही. त्या पावसात तिला न्यायला गाडी आणताना सुद्धा ज्यानं मालकिणीला विचारल्याशिवाय चावी फिरवली नाही, त्याच्याबद्दल मी काय ठरवून बसलो होतो, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

त्यानंतर वहिनींच्या दोन गाड्या झाल्या. दोन्हींचे कॅमेरे मीच जोडले, छतातल्या दिव्यावर. तात्या आता थकलेत, पण गाडी अजून तेच आणतात, अजून माझ्याकडंच आणतात. दुसरीकडं कधी गेले नाहीत. चहाही सांगतात, पेल्यावर बशी घालूनच आणतात. बोलतात, चौकशी करतात, पोरांची लग्नं ठरली का ते विचारतात. बघणाऱ्याला वाटेल, काहीच झालेलं नाही.

फक्त एक. गाडी दुकानासमोर लावली की ते उतरतात आणि चावी माझ्या अंगावर फेकत नाहीत. आधी मागं जातात, डिकी उघडतात, आतली चटई उचलून बाजूला करतात, आणि उभे राहतात.

“राहू द्या की तात्या,” मी दर वेळी म्हणतो.

“बघून घे,” ते म्हणतात. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात.

मी जातो, वाकतो, रिकामी डिकी बघतो. मग ते चावी माझ्या हातात देतात.